लॅब की बीगल? पुण्यातल्या फ्लॅटसाठी कुत्रा निवडताना

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, ठरलं. कुत्रा घेतोय. लॅब घेऊ की बीगल, एवढंच सांग." मी म्हटलं, तुझं काय म्हणणं ते आधी ऐकू दे. तर म्हणाला, "फ्लॅट आहे ना, म्हणजे बीगलच. लहान असतो, निभावून जाईल."

घोडं इथेच पेंड खातं. आमच्या कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर बंड्या नावाचा बीगल साडेबारा वर्षं राहिला, आणि वारज्याला भावाकडे लाडू नावाचा लॅब, म्हणजे लॅब्राडॉर आहे, जो निम्मा वेळ आमच्याकडेच असतो. दोघांशी इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं आहे की फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला बीगल जास्त जड जातो. लॅबला जागा लागते ती झोपायला. चार-पाच फरश्या अडवून तो पंख्याखाली पसरतो आणि विषय संपतो. बीगल जेमतेम दहा किलोचा, पण त्याचा आवाज अख्ख्या इमारतीत राहतो.

तेव्हा आकार बाजूला ठेवा आणि खालच्या क्रमाने जा. पिल्लांचे फोटो मात्र शेवटपर्यंत बघू नका. एकदा फोटो पाहिला की माणूस विचार करत नाही, नाव शोधायला लागतो.

पहिलं काम: एका आठवड्याचं वेळापत्रक

कागद घ्या आणि सोमवार ते रविवार घरात किती वाजता कोण असतं ते लिहा. खरं लिहा. "मी आता लवकर उठणार आहे" हे लिहायचं नाही, आज किती वाजता उठता ते लिहायचं.

मोठ्या लॅबला दिवसाकाठी दीड-दोन तास हालचाल हवी: सकाळी चांगला तासभर, संध्याकाळी तेवढाच, आणि मध्ये थोडं चेंडू आणून देणं वगैरे. बीगलला तास-सव्वा तास पुरतो, पण तो तास त्याच्या पद्धतीने. म्हणजे पंधरा पावलं चालायचं आणि एका खांबापाशी चार मिनिटं उभं राहायचं. ज्यांना फिरायला जाताना घड्याळात पावलं मोजायची असतात, त्यांचं बीगलशी जमणं अवघड आहे.

पिल्लाचं गणित आणखी वेगळं. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांच्या वर शू धरू शकत नाही, चार महिन्यांचं फार तर चार-पाच तास. नवरा-बायको दोघंही हिंजवडीला, सकाळी साडेआठला बाहेर आणि रात्री आठला घरात, असं तुमच्या कागदावर दिसत असेल तर लॅब की बीगल हा प्रश्नच पुढे नेऊ नका. दुपारी येऊन फिरवणारं कुणी पगारी माणूस किंवा घरातलं ज्येष्ठ माणूस मिळेपर्यंत थांबा. एकटेपणा दोघांनाही सोसत नाही, पण लॅब एकटा पडला की चपला, सोफ्याचे कोपरे, टीव्हीचा रिमोट खातो. बीगल गळा काढतो. पहिलं नुकसान तुमचं, दुसरं शेजाऱ्यांचं.

दुसरं काम: कुत्रा मुळात कशासाठी घडवला ते समजून घ्या

इथे जरा थांबते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

लॅब्राडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे कुत्रे. गार पाण्यात उडी मारायची, सुटलेला मासा किंवा दोरी तोंडात धरून मालकापाशी आणायची, हे त्यांचं काम. तिथून ते इंग्लंडला गेले आणि माशांऐवजी गोळी लागलेली बदकं आणायला लागले. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, जात म्हणून मान्यता दिली. पक्ष्याला दात न लावता उचलायचा आणि माणसाच्या हातात द्यायचा, म्हणून तोंड मऊ आणि लक्ष सतत माणसाकडे. लाडू आजही दारात आलेल्या प्रत्येकाच्या स्वागताला काहीतरी तोंडात घेऊन जातो. बहुधा मोजा असतो.

बीगलचं सगळं उलट. इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी हे कुत्रे कळपाने सोडत. कुत्रे वासावर पुढे, माणसं पायी मागे. ससा कुठल्या दिशेला गेला हे माणसांना कळावं म्हणून कुत्र्याने लांबवर ऐकू जाईल असा सूर लावायचा. या कामात माणसाकडे वळून बघण्याची गरजच नव्हती. म्हणून बीगलमध्ये तीन गोष्टी मुरलेल्या आहेत: एकटं राहवत नाही, वास लागला की कान बंद होतात, आणि आवाज मोठा. नाकाचं म्हणाल तर अमेरिकेत १९८४ पासून विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुंगून काढायला बीगल ठेवतात. तेच नाक तुमच्या घरी येणार आहे, आणि तिथे त्याला पगारी काम नसणार.

याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय? वेताळ टेकडीवर बंड्या दोन वर्षांचा असताना मी त्याचा पट्टा सोडला. पाच मिनिटांसाठीच. घरात तो हाकेला येत होता, इमारतीच्या आवारात येत होता, मग टेकडीवर का नाही येणार, असं वाटलं. झुडपातून मोराचा आवाज आला आणि बंड्या गेला. मी हाका मारतेय, त्याची शेपूट गवतातून लांब लांब जाताना दिसतेय, आणि मग तीही दिसेना. पावणेतीन तासांनी पंचवटीच्या बाजूला एका चहाच्या टपरीवर सापडला, बिस्किटं खात. चूक शंभर टक्के माझी. बीगल मोकळ्या जागेत सोडायचा नाही, कितीही शिकवलेला असला तरी. पाच-सहा मीटरचा लांब पट्टा घ्या. लॅबला हाकेवर परत यायला शिकवणं तुलनेने सोपं, कारण तुमच्या हातातला चेंडू त्याला मोरापेक्षा महत्त्वाचा वाटतो. तरी रस्त्यावर पट्टा त्यालाही हवाच.

शिकवण्याबद्दल एवढंच: लॅब तुम्हाला खूश करायला शिकतो, बीगल खाऊसाठी शिकतो. खाऊ संपला की वर्ग सुटला.

तिसरं काम: इमारत बघा

लिफ्ट आहे का? हा प्रश्न पिल्लू आणताना कुणाच्या डोक्यात येत नाही. मोठा लॅब २५ ते ३५ किलोचा असतो. या जातीत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष बऱ्यापैकी आढळतो, आणि दहाव्या-अकराव्या वर्षी जिने चढवेनासे होतात. जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर तीस किलोचा कुत्रा दिवसातून तीनदा कोण उचलून नेणार? बंड्याला शेवटच्या वर्षी मी एकटी कडेवर घेऊन उतरत होते. लाडूला उचलायला भाऊ आणि पुतण्या असे दोघं लागतात. लिफ्ट नसेल तर माझं पारडं बीगलकडे झुकतं, बाकी सगळं माहीत असूनही.

आता शेजारी. बीगलचा सूर भुंकण्यासारखा नसतो, लांबलचक रडण्यासारखा असतो. आपल्याकडे कुत्र्याचं रडणं अशुभ मानणारी मंडळी अजून आहेत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी बंड्या आल्यावर पहिले दोन महिने रोज देवापुढे जास्तीचा दिवा लावत होत्या. पुढे त्याच त्याला चोरून साय द्यायला लागल्या, हा भाग वेगळा. शिवाय दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यात काय असते हे मी सांगायला नको. दुकानं मिटलेली असतील किंवा नसतील, आजोबा मात्र झोपलेले असतात.

कायद्याचं बोलायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताचा ठराव करूनही नाही. लिफ्ट वापरू न देणंही त्यात बसत नाही. पण हा कागद पहिल्याच दिवशी सेक्रेटरींच्या तोंडावर फेकू नका. आमच्या ओळखीत एकाने तसं केलं आणि पुढची सहा वर्षं पार्किंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक गोष्टीत भांडण ओढवून घेतलं. आधी शेजारच्या चार घरांत जाऊन सांगा, फोन नंबर द्या, रडला तर मला कळवा म्हणा. आणि फिरायला जाताना जुना पेपर आणि पिशवी घेऊन जा. सोसायटीतली निम्मी भांडणं शी न उचलण्यावरून होतात, आणि त्यात शेजाऱ्यांचंच बरोबर असतं.

चौथं काम: स्वयंपाकघर

दोन्ही जाती हावरट. लॅबच्या बाबतीत तर शास्त्रीय कारण सापडलंय: केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण दर चार लॅबमागे एकात पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या जनुकाचा तुकडाच गायब असतो. म्हणजे लाडू जेवून उठल्यावर दोन मिनिटांत उपाशी चेहरा करतो तेव्हा तो नाटक करत असेलच असं नाही. तुम्ही मात्र त्या चेहऱ्याला भुलायचं नाही.

मोठ्या लॅबला दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम कोरडं खाणं लागतं, बीगलला १५० ते २००. महिन्याला एकाचं दहा-बारा किलोचं पोतं, दुसऱ्याचं त्याच्या निम्मं. गोचिडाच्या गोळ्या, जंताचं औषध, भूल, सगळं वजनावर ठरतं, त्यामुळे लॅबचं बिल बहुतेक ठिकाणी दुपटीच्या आसपास जातं. घरचं देणार असाल तर नुसतं पोळी-दूध हे कुत्र्याचं जेवण नव्हे, आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. भाताबरोबर चिकन किंवा अंडी हवीत. घर शाकाहारी असेल तर अंडं ओट्यावर चढणार की नाही, हा तह आईशी किंवा सासूबाईंशी पिल्लू येण्याआधी करा. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे दोघांनाही घातक. दिवाळीतल्या चिवड्यात बेदाणे असतात हे पाहुण्यांना सांगून ठेवा.

लॅबसाठी एक खास पुणेरी धोका: मे महिन्यातली आंब्याची कोय आणि पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर दाणे खाऊन टाकलेली मक्याची कणसं. लॅब हे चावत नाही, गिळतो. आतड्यात अडकलं की थेट शस्त्रक्रिया. लाडूची एकदा झालीय, कोयीमुळे, आणि आमच्या घरी तेव्हापासून कोयी झाकणाच्या डब्यात जातात. बीगल गिळतो कमी, चोरतो जास्त. बंद पिशवीची चेन उघडणं बंड्याला येत होतं.

पाचवं काम: चारही ऋतू डोळ्यांपुढे आणा

लोक कुत्रा डिसेंबरात घेतात, हवा छान असते तेव्हा. पण एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि लॅबचा दुहेरी कोट, म्हणजे केसांचे दोन थर, गार पाण्यासाठी बनलेला आहे. सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फिरवा. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा; तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. उन्हाळ्यात लॅबचे केस भादरू नका, तो कोट ऊनही अडवतो. फार धापा टाकत असेल, लाळ घट्ट झाली असेल, तोल जात असेल तर नळाच्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा.

केसांबद्दल एक गैरसमज काढून टाका. लॅब झडतो हे सगळ्यांना माहीत असतं; वर्षातून दोनदा तर उशी फाटल्यासारखा झडतो. पण बीगलही झडतो. त्याचे केस बारीक, टोकदार, आणि सोफ्याच्या कापडात शिरून बसतात. घरात दम्याचं कुणी असेल तर केस लहान म्हणून बीगल चालेल असं समजू नका.

पावसाळा म्हणजे बीगलच्या कानांची परीक्षा. लोंबते कान, आत हवा नाही, वर दमट दिवस. आठवड्यातून एकदा कान उचलून वास घ्या. आंबूस येत असेल किंवा तो सारखं डोकं झटकत असेल तर घरचं तेल वगैरे न घालता डॉक्टरांकडे न्या. लॅबला साचलेल्या पाण्याचं वेड. खडकवासल्याच्या काठाला नेलात तर पट्टा हाताला गुंडाळून ठेवा, ते पाणी आपण सगळे पितो. डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून त्याची लस चुकवू नका. आणि गोचिडं! पुण्यात गोचीडतापाचे रुग्ण वर्षभर दिसतात. ताप, जेवण सोडणं, हिरड्या पांढुरक्या दिसणं यातलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू होतो. नदीजवळ राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्या: बंड्या पथकाला साथ द्यायचा, रोज, शेवटपर्यंत. लॅबमध्ये मोठ्या आवाजाने दचकणारे कमी असतात, तरी दिवाळीत खिडक्या लावून, दिवा-पंखा चालू ठेवून कुणीतरी घरात थांबावंच. दिवाळीला गावी जाणार असाल तर कुत्रा कुठे राहणार ते सप्टेंबरात ठरवा.

सहावं काम: आता निवडा

मी सरळ माझं मत सांगते. घरात दिवसभर कुणी ना कुणी आहे, लिफ्ट आहे, सकाळी उठून चालणारं एक धडधाकट माणूस आहे आणि हा तुमचा पहिलाच कुत्रा आहे: लॅब. शेजार सैल आहे किंवा टोकाचा फ्लॅट आहे, घरात माणसांची वर्दळ आहे, न ऐकणाऱ्या प्राण्यावर हसता येतं: बीगल. सांभाळणारे मुख्यतः सत्तरीचे आई-बाबा असतील तर पिल्लू कुठलंच नको. जवान लॅबने एक हिसका दिला तरी मनगट जातं. त्यांच्यासाठी पाच-सहा वर्षांचा, शांत झालेला कुत्रा दत्तक घ्या.

दत्तकाचं म्हणाल तर वर्ष-दोन वर्षांत नकोसे झालेले लॅब आणि बीगल दोन्ही पुण्यात भरपूर सापडतात. मुंढव्याची ब्लू क्रॉस सोसायटी, बावधनची रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट अशा संस्थांकडे चौकशी करा. तिथे आपली गावठी पिल्लंही दिसतील. पुण्याची हवा त्यांच्याइतकी कुणालाच मानवत नाही, आणि तिथे जाऊन तुमचा बेत बदलला तर मला आनंदच होईल.

विकतच घ्यायचं असेल तर कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लू त्याच्या आईसोबत, ते जन्मलं त्या जागी जाऊन बघा. "स्वारगेटला या, गाडीतून आणून देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. लॅब असेल तर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. बीगल असेल तर घराण्यात फिट्स आल्यात का विचारा. केनेल क्लबचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, तब्येतीची हमी देत नाही.

घरी आणल्यावर पहिल्या दोन दिवसांत डॉक्टर. सहा ते आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लसी, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, पुढे बूस्टर. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर जमिनीला पाय लावू देऊ नका, पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा उलट्या-जुलाबांचा रोग तिथूनच येतो. कडेवर घेऊन मात्र जरूर फिरवा, रिक्षा, बस, मुलं, सगळं दाखवा. महापालिकेचा परवाना काढा, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. वाकड, पिंपळे सौदागरवाल्यांचा परवाना पिंपरी-चिंचवड महापालिकेचा.

आणि हे सगळं करण्याआधी एक शेवटची गोष्ट, जी मी भाच्याला करायला लावली. दुकानातून पट्टा आण, म्हटलं, आणि कुत्र्याशिवाय एकवीस दिवस फिरून ये. रोज सकाळी सहाला अर्धा तास, रात्री अर्धा तास, पाऊस असो वा नसो. पट्टा खिशात ठेवलास तरी चालेल.

नवव्या दिवशी फोन आला. वाकडला रात्रभर कोसळत होता आणि ऑफिसचा कॉल रात्री एकपर्यंत चालला होता. आता तो रविवारी वारज्याला येऊन मामाच्या लाडूला फिरवतो, तासभर. पुढच्या जूनमध्ये परत एकवीस दिवस मोजणार आहे म्हणतो. पट्टा त्याने परत केलेला नाही.